जुन्या जीपला टर्बो जोडावा काय?

हवेवांचून अग्नि पेटत नाहीं, ही गोष्ट चुलीपुढें बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. चुलींत लांकडें कितीही कोंबलीं, तरी फुंकणीनें वारा घातल्यावांचून जाळ धरत नाहीं. उलट घरभर धूर मात्र होतो. डीझेल एंजिनाचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा हीं दोन्ही याच साध्या नियमांत सामावलेलीं आहेत.

आपल्या आष्टी-परतूरच्या बाजूस कांहीं घरीं जुन्या जीपगाड्या अद्यापि जपून ठेविलेल्या आढळतात. पावसाळ्यांत काळ्या मातीच्या पाणंदींतून जावयाचें असो, कीं कापसाचीं बोचकीं आणावयाचीं असोत, ही गाडी घरच्या बैलजोडीप्रमाणें उपयोगी पडते. परंतु भार भरला कीं ती चढावर मंदावते, काळा धूर सोडते, आणि मग घरांतील एखादा उत्साही तरुण म्हणतो, “बाबा, हिला टर्बो बसवून घेऊं या.” या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें एका शब्दांत देतां येत नाहीं. तें देण्यापूर्वीं टर्बो म्हणजे काय, तो काय देतो आणि त्याबद्दल काय मागतो, हें समजून घेतलें पाहिजे. तोच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

एंजिन किती हवा घेतें?

पेट्रोलच्या एंजिनांत विजेच्या ठिणगीनें इंधन पेटतें. डीझेलमध्यें ठिणगी नाहीं. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाचें एंजिन १८९७ सालीं यशस्वी रीतीनें चाललें. त्याचें तत्त्व असें कीं, हवा झपाट्यानें दाबली म्हणजे ती तापते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड हातास ऊन लागतें, त्यांत या तत्त्वाचा कांहीं अंश आहे. डीझेल एंजिनांत पिस्टन हवेला तिच्या मूळच्या जागेच्या अठराव्या ते बाविसाव्या भागांत कोंबतो. तेव्हां ती इतकी तापते कीं, नोझलांतून फवारलेलें तेल तींत आपोआप पेट घेतें.

आतां थोडें गणित करूं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज जीप जोडून देण्यास प्रारंभ केला. त्या गाड्या पेट्रोलवर चालत. पुढें डीझेल एंजिनें आलीं. त्यांपैकीं पुष्कळ काळ चाललेलें एक एंजिन २५२३ घनसेंटिमीटरचें आहे. त्यास चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ८८.९ मिलिमीटर व पिस्टनची धांव १०१.६ मिलिमीटर. विद्यार्थ्यांनीं वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र लावून हा आंकडा स्वतः पडताळून पाहावा.

चार-टप्पी एंजिनांत प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां हवा घेतो. म्हणजे मिनिटास २००० फेरे होत असतां हें एंजिन मिनिटास सुमारें २५२३ लिटर हवा ओढील. दोनशे लिटरचीं बारा पिंपें भरून वर उरेल इतकी ही हवा झाली! लिटरभर हवेचें वजन सुमारें १.२ ग्रॅम धरलें, तर एकंदर हवा तीन किलो होते. वाटेंतील अडथळ्यांमुळें प्रत्यक्षांत ती याहून कांहीं कमीच भरते.

एक किलो डीझेल पूर्ण जळण्यास हिशेबानें साडेचौदा किलो हवा पुरे; परंतु सिलिंडरांत तेल व हवा क्षणार्धांत मिसळावयाचीं असल्यामुळें, धूर न होतां जाळावयाचें तर वीस किलोच्या आसपास हवा हवी. म्हणून तीन किलो हवेंत मिनिटास सुमारें १५० ग्रॅम तेल जळेल. पंपाचा स्क्रू फिरवून याहून अधिक तेल सोडलें, तर तें अर्धवट जळून काळा धूर होतो. तो धूर म्हणजे नळींतून उडून जाणारा आपला पैसाच होय. तेव्हां एंजिनाची शक्ति वाढवावयाची तर आधीं हवा वाढविली पाहिजे.

टर्बोची युक्ति

तेलांतून निघालेल्या उष्णतेपैकीं सुमारें तिसरा हिस्सा सायलेन्सरच्या नळीनें बाहेर जातो. हा वाया जाणारा वायु कामास लावावा, अशी कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस यंत्रशास्त्रज्ञास सुचली व १९०५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. टर्बोमध्यें एका दांड्याच्या दोन टोकांस दोन चाकें असतात. एक्झॉस्टचा तप्त वायु एका चाकावर आदळून त्यास फिरवितो. त्याच दांड्यावरचें दुसरें चाक बाहेरची हवा ओढून ती दाबानें एंजिनांत भरतें. घराबाहेर जाणाऱ्या धुरानेंच चुलीची फुंकणी चालवावी, तशी ही युक्ति आहे.

कल्पना आणि सिद्धि यांच्यामध्यें वीस वर्षें गेलीं. इतका ताप सोसणारे धातु व इतक्या वेगाचीं चाकें त्या काळीं सहज मिळत नव्हतीं. अखेर १९२५ सालीं ब्यूखीनें दहा सिलिंडरांच्या जहाजी डीझेल एंजिनांस टर्बो जोडले, तेव्हां त्यांची शक्ति १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. पुढें भारतीय रेल्वेवर १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या प्रसिद्ध डीझेल एंजिनासही टर्बो होता. त्याच्या सोळा सिलिंडरांची शक्ति २६०० अश्वशक्ति होती. आज शेतांत कूपनलिका खोदणाऱ्या यंत्रांपासून उसाच्या मालमोटारींपर्यंत टर्बो सर्वत्र दिसतो. परंतु हीं सारीं एंजिनें टर्बो गृहीत धरूनच बांधलेलीं आहेत. जुन्या जीपची गोष्ट येथेंच वेगळी होते.

दीडपट दाब, परंतु दीडपट हवा नव्हे

समजा, टर्बोनें हवेचा दाब दीडपट केला. मिस्त्री यास ‘अर्धा बार बूस्ट’ म्हणतात. मग हवाही दीडपट भरली काय? नाहीं. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. आपल्याकडे वैशाखांत बाहेरची हवा ४० अंशांवर असते. साधारण प्रतीच्या टर्बोंतून ती निघेल तेव्हां तिचें उष्णतामान ९५ अंशांच्या जवळ गेलेलें असेल. हिशेब केल्यास हवेचें वजन शेंकडा ५० नव्हे, तर शेंकडा २७-२८ इतकेंच वाढतें. हीच हवा इंटरकूलर नांवाच्या जाळींतून नेऊन ६० अंशांपर्यंत निवविली, तर वाढ शेंकडा ४० पर्यंत जाते. म्हणून नुसता टर्बो बसवून इंटरकूलर वगळणें म्हणजे मिळालेल्या लाभाचा बराच भाग उन्हाच्या स्वाधीन करणें होय.

यास जोडून आणखी एक उदाहरण पाहावें. २०१० सालीं महिंद्र कंपनीनें ‘थार’ ही गाडी विक्रीस काढली, तेव्हां ती दोन प्रकारच्या डीझेल एंजिनांसह मिळत असे. एक वर सांगितलेल्या २५२३ घनसेंटिमीटरचें, टर्बो असलेलें, ६३ अश्वशक्तीचें. दुसरें २४९८ घनसेंटिमीटरचें, तेंही टर्बो असलेलें, परंतु १०५ अश्वशक्तीचें. आकार जवळजवळ सारखा, टर्बो दोहोंस, आणि शक्तींत एवढा फरक! कारण दुसऱ्या एंजिनांत तेल अतिशय मोठ्या दाबानें, विजेच्या नियंत्रणाखालीं, नेमक्या क्षणीं फवारलें जातें आणि त्याचें सारें अंग त्या भारासाठीं घडविलेलें आहे. यावरून दिसून येईल कीं, शक्ति ही एका सुट्या भागांत नसून सर्व भागांच्या मेळांत असते.

एंजिनास काय सोसावें लागतें?

टर्बोनें दीडपट दाबलेली हवा पिस्टन पुनः दाबतो; म्हणून सिलिंडरांतील दाबही सुमारें त्याच प्रमाणांत चढतो. हा भार प्रथम हेड गास्केटवर, हेडच्या बोल्टांवर व बेअरिंगांवर पडतो. ज्या एंजिनाचें पाणी आधींच उकळतें, तें या भारानें लौकरच खोलावें लागेल.

दुसरा धोका उष्णतेचा. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो; शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें. जळत्या वायूचें उष्णतामान याहून पुष्कळ अधिक असतें. तरी पिस्टन टिकतो, याचें कारण त्याची उष्णता रिंगांच्या द्वारें सिलिंडरच्या भिंतीस व खालीं तेलास सतत जात असते. तेल प्रमाणाबाहेर सोडलें, तर येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेहून अधिक होते आणि लांब चढावर पिस्टनचें डोकें वितळून भोंक पडतें. एक्झॉस्टचें उष्णतामान दाखविणारें मापक बसविल्यावांचून पंपाच्या स्क्रूस हात लावूं नये, हा नियम याच कारणास्तव आहे.

तिसरी गोष्ट तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहूनही अधिक फेरे घेतो व तो एंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तें तेल स्वच्छ हवें, आणि टर्बोंतून परत येणारी नळी सरळ उताराची हवी. गाडी धांवून आल्यावर एंजिन एकदम बंद न करतां मिनिट-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें. नाहींतर तापलेल्या दांड्याभोंवतीं तेल करपून त्याचा कोळसा होतो.

चौथी गोष्ट धुळीची, आणि ती आपल्या मराठवाड्यांत सर्वांत महत्त्वाची. टर्बो अधिक हवा ओढतो, म्हणजे धूळही अधिक ओढतो. एअर फिल्टरची एखादी पट्टी सैल असली, तर धुळीचे कण त्या वेगानें फिरणाऱ्या चाकाचीं पातीं झिजवितात व पुढें सिलिंडरही खातात. फिल्टर मोठा व घट्ट बसणारा असावा आणि उन्हाळ्यांत तो वरचेवर तपासावा.

शेवटीं, एंजिन थांबतें तेथें गाडी संपत नाहीं. वाढलेली शक्ति क्लच, गिअरबॉक्स व मागील दांडे यांतून चाकांपर्यंत जाते. वेग वाढला कीं तो आवरण्याचें काम ब्रेकांवर येतें, आणि जुन्या जीपचे ब्रेक जुन्या वेगाच्या मानानें केलेले असतात. ज्या गाडींत मुलेंबाळें बसतात, तिचा वेग वाढविण्यापूर्वीं तिचें थांबणें पाहावें.

कोणत्या क्रमानें जावें?

आधीं एंजिनाची परीक्षा करावी. चारही सिलिंडरांचें कॉम्प्रेशन मोजावें, नोझल तपासून घ्यावे, रेडिएटर साफ करावा, फिल्टर बदलावा, पंपाचा टायमिंग पाहावा. जी गाडी ‘ओढत नाहीं’ म्हणून टर्बोची मागणी होते, तिच्यांत पुष्कळदां दोष याच ठिकाणीं असतो, आणि तो काढल्यावर गेलेली शक्ति थोड्या खर्चांत परत येते.

एंजिन निकोप आढळल्यावरच टर्बोचा विचार करावा. बूस्ट अर्ध्या बारच्या आंत ठेवावा. प्रथम तेल मुळींच न वाढवितां गाडी चालवून पाहावी. एवढ्यानेंच धूर कमी होतो, एक्झॉस्ट थंड राहतो व चढावर एंजिन मोकळें श्वास घेतें. त्यानंतर मापकांवर नजर ठेवून तेल किंचित वाढवावें. लोभ आवरणें ही या कामांतील सर्वांत अवघड कला आहे.

कायद्याचाही विचार आधींच करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणी-पुस्तकांतील तपशील कारखानदारानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल, असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकपणें लावला आहे. म्हणून पैसे खर्चण्यापूर्वीं जालन्याच्या परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. परवानगी नसतांना केलेला बदल अपघाताच्या प्रसंगीं सबंध कुटुंबावर संकट आणूं शकतो. परवानगी मिळत नसेल, तर तो विषय तेथेंच सोडावा.

उपसंहार

शुभवर्तमानांत जुन्या बुधल्यांचा व नव्या द्राक्षारसाचा दाखला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. द्राक्षारसांत दोष नसतो. बुधला त्याच्या फसफसण्यास पुरेल कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें. टर्बोची गोष्ट तशीच आहे. आपल्या गाडीचें बळ, आपल्या घरची ऐपत व कायद्याची मर्यादा हीं तिन्ही तपासून जो निर्णय करील, त्यास पश्चात्ताप होणार नाहीं. बहुतेक घरांस तर उत्तम दुरुस्त केलेलें, मूळच्या शक्तीचें एंजिनच पुरेसें ठरेल. यंत्रविद्येची आवड असलेल्या मुलांनीं मात्र या निमित्तानें पदार्थविज्ञानाचें पुस्तक पुनः उघडावें. दाब, घनफळ व उष्णतामान यांचे जे नियम तेथें कोरडे वाटतात, तेच वडिलांच्या जीपच्या बॉनेटखालीं रोज काम करीत आहेत.

अभ्यासासाठीं

१. जुन्या जीपचें २११२ घनसेंटिमीटरचें एक चार-टप्पी एंजिन मिनिटास २५०० फेरे घेत आहे. तें मिनिटास किती लिटर हवा ओढील? (उत्तर : २६४०.)

२. वीस किलो हवेस एक किलो तेल या प्रमाणानें त्या हवेंत किती तेल धूर न होतां जळेल, तें काढा.

३. टर्बोनें हवेचा दाब दीडपट केला असतां तिचें वजन दीडपट कां होत नाहीं, तें आपल्या शब्दांत घरीं वडील माणसांस समजावून सांगा.