भाषा बदलायची का?

डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून सांभाळतो. सगळं जावात. टीममध्ये नवी पोरं आली की प्रश्न ठरलेला: 'सर, गोमध्ये जाऊया? निदान कोटलिन?' त्या वादावादीतून हाती लागलेलं थोडंसं.

1. नेमकं दुखतंय कुठे, ते आधी फळ्यावर लिहा. आमच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी जावाच्या नव्हत्याच, 2014 सालच्या जावा 8 च्या होत्या. चार फील्डच्या क्लाससाठी पानभर कोड? 2021 च्या जावा 16 मध्ये रेकॉर्ड आले. थ्रेड पुरत नाहीत? 2023 च्या जावा 21 मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आहेत. व्हर्जन चढवणं फुकटात होत नाही म्हणा. स्प्रिंग बूट 3 वर जाताना 'जावाएक्स'चं 'जकार्ता' करत बसावं लागतं. पण ते काम कधीतरी संपतं. नवी भाषा आणली की जुनी काही जात नाही, दोन्ही पोसाव्या लागतात.

2. पैशांचा हिशेब करून बघा. डेमोत सगळ्याच भाषा गोड दिसतात. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत दशांश हिशेबाचा तयार टाइप नाही, बाहेरची लायब्ररी आणावी लागते. कोटलिनमध्ये बिगडेसिमलची बेरीज सरळ अधिकच्या चिन्हाने होते, वाचायला सुख. पण गोम तिथेच आहे. जीएसटीचा दर डेटाबेसमधून 18.00 असा येतो, जेसनमधून 18.0. दोन बरोबरची चिन्हं टाकून तुलना केली, तर कोटलिन म्हणणार, हे वेगळे! कारण आतून इक्वल्स चालतं आणि बिगडेसिमलचं इक्वल्स दशांश स्थळंही बघतं. जावात इक्वल्स हा शब्द समोर दिसतो, रिव्ह्यूत खटकतो. कोटलिनमध्ये ती ओळ इतकी साळसूद दिसते की नजर पुढे सरकते. तिथे कम्पेअर-टूच हवं.

3. जुन्या कोडशेजारी नांदणारी भाषा बरी. कोटलिन जावाच्याच जेव्हीएमवर चालते, एकेक फाइल बदलता येते. गो म्हणजे वेगळी सर्व्हिस, वेगळं डिप्लॉयमेंट. मात्र 'कोटलिनमध्ये नल पॉइंटर येत नाही' हे अर्धसत्य. जुन्या जावा कोडमधून आलेल्या व्हॅल्यूवर अ‍ॅनोटेशन नसेल, तर कंपायलर तिला अडवत नाही.

4. दहा तारखेच्या रात्री फोन कोण उचलणार? दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारीख. आदल्या रात्री कारखान्याचा अकाउंटंट घायकुतीला आलेला, गो येणारा एकच जण, आणि त्याची लोकल मुंब्रा-दिव्याच्या मध्ये उभी. हा खर्च कुठल्याच बेंचमार्कमध्ये दिसत नाही. निदान तिघांना येत नसेल, तर ती भाषा प्रॉडक्शनवर नको, असं माझं ठाम मत.

5. कायदा बदलण्याच्या हंगामात भाषा बदलू नये. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दरच बदलले. अशा वेळी बिल चुकलं, की नियम समजण्यात घोळ झाला की नव्या कोडमध्ये, हे शोधण्यातच रात्र जाते.

6. सध्याची वाटणी अशी: बिलांचा गाभा जावा 21 वर, टेस्ट आणि नवे रिपोर्ट कोटलिनमध्ये. गोचा हट्ट धरणाऱ्याला लॉग चाळायचं एक छोटं टूल दिलंय. पैशांशी त्याचा संबंध नाही, बंद पडलं तरी कुणाचं बिल अडत नाही.