जुन्या रजिस्टरांतील आपले आजी-आजोबा

नांदेड व लातूर हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला.) म्हणून आपल्या घराण्याच्या त्या काळातील पुष्कळ नोंदी उर्दूत आणि फसली सनात आढळतात.

विद्यार्थी चुकतात ते येथेच. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजर महिन्याने सुरू होई. डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 590 मिळवावेत, जानेवारीपासून पुढे 591. आजोबांचा जन्म खुर्दाद 1345 फसली असेल, तर तो सुमारे एप्रिल 1936 चा. सरसकट 590 मिळविले की एक वर्ष मागे पडते.

शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातील एका ओळीत मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण असते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. 1956 च्या धर्मांतरानंतर कित्येकांच्या नोंदीत ‘बौद्ध’ एवढेच आले, आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या 1990 साली. तेव्हा नातवाचे शिक्षण आजोबांच्या त्या ओळीवर अडते.

जमिनीसाठी 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक पाहावे. मात्र त्यात घर दिसते ते कर्त्या पुरुषाच्या नावाने. निंदणी-खुरपणी करणाऱ्या आजीचे नाव क्वचितच. तिचे माहेर, लग्नाचे वय, वारलेली लेकरे हे म्हाताऱ्या माणसांकडूनच, वेळेत, वहीत उतरवून घ्यावे लागते. उतारा काढताना मूळ उर्दू पानाचीही प्रमाणित नक्कल घ्यावी.