भरलेली बाटली



आमची धाकटी सहावीत होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी तिचं दप्तर उघडलं की पाण्याची बाटली सकाळी भरलेली तशीच. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आणि पोरगी दिवसभर घोटभरही पाणी पीत नाही! मी रोज ओरडायची. एक दिवस ती म्हणाली, "आई, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीने जायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं. आज मी चौघींसाठी धरलं. त्यापेक्षा पाणीच नको."

यावर मी काय म्हटलं असेल? "मधल्या सुट्टीत घरी येऊन जात जा." कडी नव्हती ती नव्हतीच, माझी मात्र जबाबदारी संपली. आपण बहुतेक वेळा हेच करतो ना? मूल गावातली एक अडचण सांगतं आणि आपण ती घरातल्या घरात मिटवतो. वर, "मोठ्यांच्यात बोलू नये" हे आहेच.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचं कुठलंही गाव घ्या, रेवसकडचं असो की श्रीवर्धनकडचं. ते मुलांच्या जितकं पायाखालचं असतं तितकं आपल्या नसतं. खारबांधाला कुठे खांड पडलीय, उधाणाला कुठली वाट बुडते, एसटी कुठल्या थांब्यावर न थांबता जाते, 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर घातलेला पत्रा कुठे गळतो, हे त्यांना विचारा. पण ग्रामसभा भरते मतदारांची. अठराच्या आतल्यांना मत नाही, म्हणजे म्हणणंही नाही, असं आपणच धरून बसलोय.

कागदावर तसं नाही बरं का. मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने 1992 मध्येच मान्य केला. गावाचा वार्षिक आराखडा करताना बालसभा घ्यावी, अशी अपेक्षा आहे. 'बालस्नेही गाव' हे पंचायतींच्या नऊ उद्दिष्टांपैकी एक आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तर 75 टक्के आपण पालकच असतो.

पण कागदाची गोष्ट आपल्या रायगडकरांना कुणी वेगळी सांगायला हवी का? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव 1924 मध्येच केला होता. अस्पृश्य ठरवलेल्यांची तळ्यावर जाण्याची सोय मात्र त्या ठरावाने झाली नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची हजारो माणसं स्वतः चालत तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्यायली. पुढे त्याच पालिकेने तो ठराव मागेही घेतला. त्या लढ्याशी आपल्या कडीची बरोबरी कुणी करू नये. एवढंच मनात येतं, की ज्यांच्यासाठी ठराव असतो ती माणसं पुढे आली नाहीत, तर तो दप्तरात पडून राहतो.

आमच्याकडेही शेवटी मुलींनीच ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचं ठरवलं. मागण्या दोनच, संडासाला कडी आणि बांधावरच्या वळणाला दिवा. मी लगेच पेन घेतलं आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं सुरू केलं. लेक म्हणाली, "आई, हे आमचं वाटत नाही." मी कागद फाडला. मग त्यांनी लिहिलं, "आम्ही दार धरून उभ्या राहतो, तेव्हा आमची सुट्टी संपते." ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथे लेकीनेच तो वाचला. वाचताना कागद थरथरत होता. बायका गप्प झाल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी याच शाळेत दारं धरली होती.

कडी त्याच आठवड्यात लागली. दिव्याचं पुढे काहीच कळलं नाही. महिन्याने लेकीने विचारलं, "नाही म्हणाले तरी चालेल, पण म्हणाले का?"

मला तो प्रश्न लागला. मुलांची मागणी आपण कौतुकाने ऐकतो, टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. उत्तर द्यायचं राहून जातं. दोनदा असं झालं की मूल तिसऱ्यांदा विचारत नाही. आणि अठरा पूर्ण झाल्यावर तेच मूल ग्रामसभेच्या दिवशी घरी झोपून राहतं, तेव्हा आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. मुलांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत पोचू द्या, आणि उत्तर आणायला तुम्ही जा. मी गेले. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, यंदाच्या आराखड्यात दिवा नाही." मी म्हटलं, "भाऊसाहेब, हे मला नको, मुलींना सांगा."

भले गृहस्थ, परिपाठाच्या वेळी शाळेत आले. दिवा यंदा का होणार नाही ते सांगितलं. मुलींची तोंडं उतरली. मग मागच्या रांगेतून एकीने हात वर केला.

"पुढचा आराखडा कधी बनतो?"

त्यांनी महिना सांगितला. पोरींनी तो वहीत लिहून घेतला.