कासवाच्या घरट्याची नोंदवही

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील पुष्कळ विद्यार्थ्यांनी समुद्र केवळ नकाशात पाहिला असेल. परंतु येथील जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी या वाटेने अखेर बंगालच्या उपसागरास मिळते आणि त्या सागरात ऑलिव्ह रिडले नावाची कासवे राहतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 साली खूण लावलेली अशी एक मादी 2025 साली कोकणात गुहागर येथे अंडी घालताना आढळली. खुणेची नोंद नसती, तर हा प्रवास कोणास कळला असता?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे गाव नाना फडणविसांच्या घराण्याचे म्हणून आपण इतिहासात वाचतो. तेथील कासवांची अंडी पूर्वी माणसे नेत, कोल्ही-कुत्री उकरीत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने घरट्यांची राखण आरंभिली.

मादी रात्री वाळूत सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते व परत जाते. पिल्लांचे मुख ती कधी पाहत नाही. पहाटे राखणदार तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग काढतात, अंडी मोजतात आणि कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात. येथे हात फार हलका लागतो. अंड्यातील जीव काही तासांतच कवचाच्या वरच्या अंगास चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले तर तो मरू शकतो. वाळूच्या उष्णतेवरही लक्ष ठेवावे लागते. उष्ण वाळूत माद्या अधिक, थंड वाळूत नर अधिक निपजतात. वाळू फारच तापली तर पिल्ले आतच मरतात.

सुमारे 50 दिवसांनी पिल्ले वर येतात. सशक्त पिल्लू उताणे पडले तरी चटकन पालथे होते. पोटातील बलक हीच त्याची शिदोरी. पाहुण्यांसाठी टोपलीत थांबविलेले पिल्लू ती समुद्रास पोहोचण्यापूर्वीच खर्च करू लागते. कासव पाहावयास जाणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी धरावी, असे आम्हांस वाटते.

नंतर घरटे उकरून हिशेब होतो. समजा, 120 अंड्यांपैकी 90 फुटलेली कवचे मिळाली, तर यश शेकडा 75. उरलेली 30 उघडून पाहतात: जीव धरलाच नव्हता, की अर्धा वाढून मेला? पुढल्या घरट्यांवर सावली धरावयाची, की अंडी हलविण्याची रीत सुधारावयाची, हे त्या वहीवरूनच ठरते.