जेवताना मन कुठे असतं?

1938 च्या सुरुवातीला वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा भावे यांची प्रकृती इतकी ढासळली, की वजन 88 पौंडांवर, म्हणजे जेमतेम 40 किलोंवर आलं. गांधीजींनी कामाची चिंता सोडायला सांगितलं आणि 7 मार्चला विनोबा पवनारला गेले. तिथे डोक्यातले विचार बाजूला ठेवून, रोज थोडं थोडं खोदकाम करत त्यांनी प्रकृती सावरली. एकाच्या अनुभवावरून ‘मन शांत तर पचन नीट’ असा वैद्यकीय नियम काढता येत नाही. विश्रांती, हवा, व्यायाम सगळंच तेव्हा बदललं होतं. पण मन आणि पचन यांचा संबंध शरीरशास्त्राने वेगळ्या वाटेने सिद्ध केला आहे, आणि ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असं मला वाटतं.

रशियात पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. गिळलेला घास मानेतूनच बाहेर पडेल अशी सोय केली, तरी रिकाम्या जठरात पाचकरस सुटला. मेंदूकडून येणारी व्हेगस नस कापल्यावर तो थांबला. म्हणजे पचनाची तयारी घास पोटात पोचण्याआधीच सुरू होते. पुढचं काम मात्र फक्त नसांचं नाही. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या एका भागाच्या नसा तोडून तिथे आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंड स्रवलं. निरोप रक्तातून गेला होता. तो नेणाऱ्या रसायनाला, म्हणजे संप्रेरकाला, त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. तेलकट अन्न आतड्यात पोचलं की असंच दुसरं संप्रेरक पित्ताशय आकुंचित करतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. तर्रीदार जेवण तासन्‌तास जड वाटतं ते यामुळेच. भीती, राग, घाई यांत मात्र नसांचे निरोप बदलतात: लाळ आटते, जठर मंदावतं, तर मोठं आतडं उलट घाई करतं.

यावर कुणी म्हणेल, अल्सर तर जिवाणूमुळे होतो. बरोबर आहे. मार्शल आणि वॉरेन यांना 2005 चं नोबेल त्याच शोधासाठी मिळालं, आणि तो जिवाणू निव्वळ मन:शांतीने जात नाही; त्याला औषधच लागतं. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. म्हणून ‘टेन्शनमुळे आहे’ म्हणत दुखणं अंगावर काढू नका. पण तपासण्या स्वच्छ येऊनही जेवल्यावर पोट गच्च होतं, ढेकरा येतात, अशांच्या पोटात जखम नसते. बिघाड बहुधा मेंदू आणि पोट यांच्यातल्या निरोपांच्या देवाणघेवाणीत असतो. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवून, ठरल्या वेळी, बसून, सावकाश जेवून पाहावं. आणि काळी विष्ठा, रक्ताची उलटी, गिळायला त्रास किंवा विनाकारण घटणारं वजन यांतलं काहीही दिसलं, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता दवाखान्यात जा.