उघड्या मनगटाचा फोटो

ज्या विद्येचा सारा कारभार स्पर्शावर चालतो ती विद्या पडद्यावरून शिकवण्याचा प्रसंग मार्च २०२० च्या टाळेबंदीने माझ्यावर आणला, तेव्हा व्यवसायोपचाराचे माझे विद्यार्थी अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर अशा आपापल्या गावी पांगले होते आणि मी अमरावतीच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसले होते. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या शिक्षणाचा पाया घातला, तेव्हापासून विद्यार्थ्याचे बोट धरून ते रुग्णाच्या सांध्यावर ठेवायचे, हाच आमचा शिरस्ता. पडद्यावरून शिकवायला आधार घ्यावा अशी नजीर माझ्यापुढे नव्हती.

प्रारंभीचे तीन आठवडे मी व्याख्यानांत दवडले. हजेरी पूर्ण, अवधान शून्य. मग एके दिवशी एका मुलीच्या मागे तिची आई भाकरी थापताना दिसली आणि मी तो धडा तिथेच गुंडाळला. फोन परातीशेजारी ठेवायला सांगून, खांद्यापासून करंगळीपर्यंत कोणता सांधा केव्हा हलतो, पीठ सैल झाले की मनगट काय करते, आणि उजवी बाजू लुळी पडलेल्या बाईने हेच काम एका हाताने करायचे तर परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके कसे घालावे, याचा तपशील आम्ही दोन तास लिहीत बसलो. पुढे, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी वसवलेल्या इथल्या तपोवनाची हकिकत सांगून मी मुलांना खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायला लावली. बधिर, वाकड्या बोटांना जाड मूठ पेलते, हे त्यांना उमगले. त्याच बधिर हातांचा दुसरा, अधिक कठोर धडा मात्र मीच विसरले.

यशाने बेफिकिरी येते. वैशाखात मी स्प्लिंट करायला सांगितले, ‘घरातील कोणाच्याही हातावर’ अशी मुभा देऊन. अकोल्याच्या एका हुशार मुलीने, शेतातला पीव्हीसी पाईप जाळावर मऊ करून जोडणाऱ्या काकांकडून ती कला घेतली, पाईपाचा तुकडा चिरून, वाकवून, आत जुन्या धोतराचे अस्तर लावून लकवा झालेल्या आजोबांच्या मनगटाला बांधला आणि मला फोटो पाठवला. मनगटाचा कोन अचूक, लांबी बरोबर अग्रबाहूच्या दोन तृतीयांश. मी शाबासकी दिली. आजोबांना मधुमेह होता, हे मी विचारले नव्हते. चौथ्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा, करंगळीकडच्या हाडाच्या उंचवट्यावर, कड रुतून, घामाने भिजलेली कातडी रुपयाएवढी सोलली होती. “मले त काई दुखलंच नाई, पोरी,” आजोबा म्हणाले. दुखणार कसे? ज्या हाताची जाणीवच गेली, त्याच्या साक्षीवर आम्ही विसंबलो होतो.

मुलीचा दोष नव्हता. नजरचूक माझी होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले, तोवर मी ताकीद लिहून ठेवली होती. पहिला स्प्लिंट स्वतःच्या डाव्या हातावर करायचा आणि त्याच हाताने निमूटपणे जेवण, वेणीफणी, बटणे असा दिवस काढायचा. मधुमेह, लकवा, कुष्ठ, यांपैकी काहीही असलेल्या माणसाच्या अंगाला प्रत्यक्ष देखरेखीशिवाय काही बांधायचे नाही, मग तो घरचा का असेना. निरोगी भावंडाच्या हातालाही प्रथम अर्धा तासच. मग काढून, उजेडात कातडी पाहायची, आणि लाली वीस मिनिटांत ओसरली नाही तर ती कड खुशाल कापून टाकायची, नक्षी बिघडली तरी. या शेवटच्या कलमावर मुले कुरकुरतात, कुरकुरू द्यावे.

आजोबांची जखम भरायला पाच आठवडे लागले. दूरस्थ शिक्षण देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की विद्यार्थ्याकडे स्प्लिंटचा फोटो मागाल तेव्हा सोबत दुसराही मागा: स्प्लिंट काढल्यानंतरचा, उघड्या मनगटाचा.