लॉजचे आमंत्रण आले तर?



आपल्याकडे लॉज म्हटले की बसस्थानकाजवळची मुक्कामाची सोय आठवते. त्यामुळे आपल्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी "फादर, लॉजचे सभासद व्हावे का?" असे विचारले, तेव्हा शेजारची मंडळी हसली. प्रश्न मात्र गंभीर होता. त्यांचे एक वरिष्ठ अधिकारी फ्रीमेसन आहेत. लॉजच्या कौटुंबिक स्नेहभोजनाला हे पतिपत्नी जाऊन आले. तेथे अपंग मुलांच्या तीनचाकी सायकलींसाठी निधी जमला. आता सभासदत्वाचा अर्ज हाती आला आहे. माणसे सज्जन, काम चांगले, मग अडचण कोठे? त्यांच्या परवानगीने हे उत्तर सर्वांसाठी लिहीत आहोत.

मेसन म्हणजे गवंडी. दगडी बांधकाम करणाऱ्या जुन्या गवंड्यांच्या संघांवरून या मंडळींनी नाव घेतले आणि गुण्या, कंपास व एप्रन या खुणाही घेतल्या. 1717 साली लंडनमध्ये त्यांची पहिली ग्रँड लॉज झाली. मुंबईत 1843 साली हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली, तिच्यात पारशी मंडळी पुढे होती. 1961 साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. पं. मोतीलाल नेहरूही फ्रीमेसन होते.

बंद दारामागे काय चालते हे न कळल्याने लोकांनी या इमारतींना 'जादूघर' म्हटले. सैतानाची पूजा चालते, असेही बोलले गेले. यात आपल्या कॅथलिक लोकांचीही चूक आहे. फ्रान्समधील लेओ ताक्सिल नावाच्या लेखकाने अशा कथा छापल्या, धर्मगुरूंनीही त्या खऱ्या मानल्या, आणि 1897 साली त्यानेच पॅरिसच्या सभेत सर्व थाप असल्याचे सांगितले! 'जादूटोणा' या शब्दाची किंमत आपल्या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. 2021 साली जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे केवळ संशयावरून वृद्धांना व बायकांना बांधून मारले गेले. तेव्हा ऐकीव गोष्टी पसरवू नका.

ख्रिस्तसभेचा आक्षेप विधींवर आहे, आणि ते विधी आता पुष्कळसे छापून आलेले आहेत. नव्या उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोर घालतात, अंगावरचे पैसे व धातूच्या वस्तू काढून घेतात. नंतर त्याच्यापुढे दानाची मागणी होते. त्याच्याजवळ काहीच नसते. गरजवंत बंधू भेटला तर ही घडी आठव, असे त्याला सांगतात. हा प्रसंग आम्हांला खरोखर आवडतो. दानाचा असा धडा आपण आपल्या मुलांनाही देत नाही.

पण त्याच विधीत तो अंधारात असलेला म्हणून उभा केला जातो आणि त्याला प्रकाश हवा असतो. आपल्या गृहस्थांना आम्ही एवढेच विचारले: स्नानसंस्काराच्या वेळी तुमच्या धर्मपित्याच्या हाती पेटती मेणबत्ती दिली होती, ती कोणत्या प्रकाशाची? पहिल्या तीन पायऱ्यांच्या प्रार्थनांत देवाला 'विश्वाचा महान शिल्पकार' म्हणतात, प्रभू येशूचे नाव घेत नाहीत. आपल्या देशात गीता, कुराण, बायबल, अवेस्ता व गुरू ग्रंथसाहेब हे ग्रंथ लॉजमध्ये सन्मानाने ठेवतात. सर्व धर्मांचा आदर आपणही करतो. पण ख्रिस्त हा अनेक मार्गांपैकी एक, असे मानून शपथ घेणे वेगळे. शिवाय पुढे काय येणार हे आधी न सांगता गुप्ततेची शपथ घ्यायला लावतात. प्रभूने मात्र आपण उघडपणे शिकवल्याचे प्रमुख याजकापुढे सांगितले. जर्मनीच्या बिशपांनी 1974 ते 1980 अशी सहा वर्षे फ्रीमेसन मंडळींशी बोलून हे विधी तपासले आणि दोन्ही निष्ठा एकत्र नांदू शकत नाहीत, असा निर्णय दिला.

पोप बारावे क्लेमेंट यांनी 1738 साली पहिली बंदी घातली. 1983 च्या नव्या कायद्यात फ्रीमेसनरीचे नाव नाही, म्हणून बंदी उठली असे काहींनी पसरवले. ते खरे नाही. 26 नोव्हेंबर 1983 रोजी कार्डिनल रात्झिंगर यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या संमतीने स्पष्ट केले की सभासद होणारा गंभीर पापाच्या स्थितीत असतो व त्याने ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. नोव्हेंबर 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने तेच पुन्हा सांगण्यात आले. हे आपल्या चांदा सिरो-मलबार धर्मप्रांतालाही लागू आहे.

स्नेहभोजनाला गेल्याने कोणी सभासद होत नाही, त्याची कबुली द्यायला येऊ नका. सायकल मिळाली तर मुलाला जरूर बसवा आणि देणाऱ्याचे आभार माना. अर्जावर सही मात्र करू नका. अधिकारी नाराज होतील, बढती अडेल, ही भीती आम्ही समजू शकतो. त्या गृहस्थांनीही ती बोलून दाखवली, आणि अर्ज अजून त्यांच्या घरीच आहे. कोणी पूर्वीच सभासद झाले असेल तर त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर किंवा शनिवारी संध्याकाळी आम्हांला एकांतात भेटावे.

— आपले फादर